भाडेकरूची पारख

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. एजंट म्हणतो, आधारची झेरॉक्स पुरे. खरंच पुरे का?

उत्तर : नाही. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून नाव-फोटो जुळवा. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा; स्लिप घरबसल्या बनवता येते. फोन सध्याच्या घरमालकाला नको, त्याआधीच्याला करा. सध्याच्याला ब्याद घालवायची घाई असू शकते!

लिव्ह अँड लायसन्स करार मात्र नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, खोटं ठरवणं तुमच्यावर येतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा. किल्ली त्यानंतर.