मंडळाचा टी-शर्ट: कोणी शिवला, किती टिकेल?

गणपती आटोपले की कोकणात सामन्यांचे वेध लागतात आणि मंडळांच्या टी-शर्ट, टोप्या, पिशव्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. या विक्रीतून खेळाडूंचा प्रवासखर्च निघतो, मैदानाची डागडुजी होते, म्हणून ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण वस्तू कशाची आहे, कोणी केली आणि सामना संपल्यावर तिचं काय होतं, असं विचारणारी पत्रं वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : आमच्या कबड्डी मंडळाला समर्थकांना विकण्यासाठी ३०० टी-शर्ट हवे आहेत. पुरवठादार ‘ऑरगॅनिक कॉटन’ सांगून नगामागे ९० रुपये जास्त मागतो. विश्वास ठेवावा का? (मंडळाचे सचिव, दापोली)

शब्दावर नको, कागदावर ठेवा. सेंद्रिय कापडासाठी जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे गॉट्स (GOTS, ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड). त्यासाठी किमान ७० टक्के धागा सेंद्रिय लागतो आणि कपड्यावर नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर ९५ टक्के. पुरवठादाराकडे दोन कागद मागा. एक, कारखान्याचं चालू मुदतीचं प्रमाणपत्र. दुसरा, तुमचा माल ज्या लॉटमधला आहे त्या लॉटचं व्यवहार प्रमाणपत्र. पहिला कागद आहे आणि दुसरा नाही, तर तो कारखाना सेंद्रिय माल करू शकतो एवढंच सिद्ध होतं. तुमच्या हातातला टी-शर्ट तसा आहे हे नाही. कारखान्याचं प्रमाणपत्र गॉट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतं.

यात एक मेख आहे. कोरे टी-शर्ट आणून छपाई चिपळूणला किंवा खेडला केलीत आणि त्या छापणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर तयार टी-शर्टवर गॉट्सचं चिन्ह लावता येत नाही. छपाईसुद्धा त्यात मोजली जाते. ओएको-टेक्सचं नेहमीचं ‘स्टँडर्ड १००’ लेबल दाखवलं तर ते वेगळं समजा: कापडात अंगाला अपायकारक रसायनं नाहीत एवढंच ते सांगतं. कापूस कसा पिकला याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि कापसाइतकाच रंगाईचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडचे कितीतरी होजिअरी टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतात. तिथल्या रंगाईच्या पाण्यानं नोय्यल नदीची इतकी दैना झाली की २०११ साली मद्रास उच्च न्यायालयानं ते कारखाने बंद करायला लावले. म्हणून रंग कुठे दिला आणि तिथलं सांडपाणी कुठे जातं, हे जरूर विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून माल घेऊ नका.

९० रुपये झेपत नसतील तर मन खट्टू करू नका. साधा सुती, १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा), पक्क्या शिलाईचा टी-शर्ट घ्या आणि पाण्यावर आधारित शाईनं एका रंगात छापा. रबरासारखी जाड छपाई बहुधा प्लास्टिसॉल शाईची असते. त्या शाईत पीव्हीसी असतं. आणि मुख्य म्हणजे ३०० हा आकडा आला कुठून? आधी नावं आणि मापं लिहून घ्या. १८० नावं आली तर १८०च करा. न केलेल्या १२० टी-शर्टांइतकी बचत कुठल्याच प्रमाणपत्रानं होत नाही.

प्रश्न : आमचा बचत गट एका क्रिकेट क्लबसाठी कापडी पिशव्या शिवतो. कापड त्यांचं, नगाला १० रुपये मिळतात. क्लब म्हणतो, ‘गावातल्या महिलांना रोजगार दिला.’ हा दर बरोबर आहे का? (एक भगिनी, देवगड)

ताई, तुमच्या पत्रासाठीच खरं तर हे सदर लिहायला घेतलं. हिशेब करू. कापणं, शिवणं, बंद लावणं, धागे काढणं धरून एका पिशवीला २५ मिनिटं लागतात असं तुम्ही लिहिलंय. आठ तास मान वर न करता काम केलंत तर १९ पिशव्या, म्हणजे १९० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढीच पदरात पडायची तर नगाला १७ रुपये हवेत, आणि त्यात दोरा, वीज, मशीनचं तेलपाणी, सुया काहीच धरलेलं नाही. शिवणकाम हे कसबाचं काम आहे. त्याचा दर रोजगार हमीशी येऊन थांबू नये. माझ्या मते २५ रुपयांच्या खाली तुम्ही काम घेऊ नये. क्लब ती पिशवी १२० रुपयांना विकतो असंही तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्यांना हे जड नाही.

दर बोलताना आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. निम्मे पैसे ऑर्डर देताना आणि उरलेले माल उचलताना, पिशव्या खपल्यावर नव्हे. विक्रीचा धोका क्लबचा आहे, तुमचा नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. सामन्याच्या चार दिवस आधी ‘अजून ५० वाढवा’ असा फोन येतो तेव्हा कोणीतरी रात्री दोनपर्यंत जागतं, आणि पुष्कळदा घरातल्या शाळकरी मुलीला मदतीला बसवलं जातं. क्लबचे पदाधिकारी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो: ऑर्डर तीन आठवडे आधी द्या आणि मग आकडा बदलू नका. गावच्या महिलांना रोजगार दिला असं सांगायचं तर मजुरीचा दरही सोबत सांगता आला पाहिजे.

प्रश्न : आमचा पोहणाऱ्या आणि डायव्हिंग करणाऱ्या तरुणांचा गट आहे. शंख-शिंपल्यांच्या कीचेन करून विकाव्यात का? वस्तू नैसर्गिक आहे, प्लास्टिक नाही. (मालवण)

नको. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काही उचलायचं नाही. बाहेरही काही जातींचे शंख, तसंच प्रवाळ आणि सी-फॅन (पंख्यासारखे दिसणारे समुद्रजीव) वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि बाजारात मिळणारा प्रत्येक शंख कुठल्या जातीचा हे तुम्हाआम्हाला ओळखता येत नाही. शिवाय किनाऱ्यावरचा रिकामा शंख रिकामा राहत नाही, कितीतरी खेकडे त्यातच घर करतात.

कीचेन हवीच तर सावंतवाडीच्या चितारआळीत जा. लाकडी खेळणी घडवणारे कारागीर तुमच्या गटाचं चिन्ह लाकडात करून देतील. दुसरा पर्याय फाटक्या नायलॉनच्या जाळ्यांचा. त्यांच्या दोऱ्या विणून हातातले पट्टे छान होतात. जाळी मच्छीमारांकडून किलोवर विकत घ्या, फुकट मागू नका. कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ पासून आहे. भरपाईचं काम पुरं झाल्यावर असं एखादं जाळं मिळालं, तर त्या पट्ट्यासोबत ती हकिकतही छापा. लोक आवडीनं घेतील.

प्रश्न : प्रायोजक स्वतःचा मोठा फोटो छापलेले २०० टी-शर्ट फुकट देतायत. नाही कसं म्हणायचं? (गुहागर)

नाही म्हणू नका, वळवा. असा रंगीत फोटो सबलिमेशननं, म्हणजे उष्णतेनं रंग कापडात मुरवून, छापतात आणि ती छपाई पॉलिस्टरवरच नीट बसते. खेळाडूंच्या जर्सीला पॉलिस्टर ठीक आहे. घाम लवकर वाळतो, दोन-तीन हंगाम ती टिकते. समर्थकाला मात्र कोकणातल्या दमट हवेत ते अंगावर नको होतं. प्रत्येक धुण्यात त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात ते वेगळंच; आपल्या गावांचं सांडपाणी शेवटी खाडीलाच मिळतं. प्रायोजकांना सांगा, ‘साहेब, फोटोचा टी-शर्ट सामन्याच्या दिवशी घालतील. बाहीवर नुसतं तुमचं नाव असलेला सुती टी-शर्ट तीन वर्षं गावभर फिरेल.’ हे खरं आहे आणि त्यांना पटेलही. त्याच पैशात १०० होतील. तेवढे पुरे.

प्रश्न : वस्तूंवर ‘पर्यावरणपूरक’ असं छापलं तर चालेल? आणि मुलांसाठी छोटे झेंडे? (धावपटूंचा क्लब, अलिबाग)

मोघम शब्द छापू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत; दावा केलात तर पुरावा हवा. त्यापेक्षा ‘कापड १०० टक्के सुती, शिलाई अमुक बचत गटाची’ असं नेमकं लिहा.

झेंडे कापडाचे आणि काठी बांबूची. प्लास्टिकचे झेंडे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही. सिंधुदुर्गातला माणगा बांबू काठ्यांना उत्तम.

प्रश्न : गेल्या वर्षीचे ७० टी-शर्ट उरलेत. पावसात काहींना बुरशी लागली. काय करावं? (राजापूर)

बुरशीचे आधी वेगळे काढा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. डाग राहिले तर ते कापून गॅरेज आणि होड्यांवर पुसायला द्या. सुती चिंधीला तिथे मागणी असते. चांगल्यांवर वर्ष छापलेलं नसेल तर तेच यंदा विका, नवे करू नका. वर्ष छापलेलं असेल तर सरावासाठी मुलांना वाटा. मुंबईकर मंडळी शिमग्याला येतात तेव्हा देवळाजवळ टेबल मांडून कमी किमतीतही काही निघतील. पुढे मात्र जूनच्या आत माल संपेल एवढाच करा, आणि नोंदणी घेताना यंदा कोणत्या मापाचे किती उरले तो कागद समोर ठेवा. बहुतेक मंडळांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं मापच उरतं, कारण ते अंदाजानं केलेलं असतं.