नेपाळला आता जावं का?

प्रश्न : ताई, सप्टेंबर २०२५च्या गोंधळात आम्ही दोघांनी पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रा रद्द केली. आता जावंसं वाटतं, पण मुलगा नको म्हणतो.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, जा. मुलाची काळजी खोटी नाही. काठमांडूत निदर्शनं करणारी तरुण मुलं गोळीबारात गेली, सरकारी कार्यालयांचा सिंहदरबार पेटला, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, विमानतळसुद्धा बंद पडला. पण राग होता भ्रष्टाचारावर आणि समाजमाध्यमांवरच्या बंदीवर. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या आणि शहर सावरू लागलं.

माझ्या यात्रेच्या गटातल्या अकरा जणांनी तेव्हा नावं मागे घेतली. मुक्तिनाथच्या वाटेवरल्या जोमसोम गावच्या जीपवाल्याला ते कळवायला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, “दिदी, गाडी धुऊन ठेवली होती.” ऑक्टोबर-नोव्हेंबर ही त्यांची सुगी. ती हुकली की मुलांची फी कुठून भरायची? हे मला अजून टोचतं.

व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीतच घ्या. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारी दरीत वारा सुटतो. म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा आणि जोमसोमला एक मुक्काम कराच. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना निघण्याआधी मुलालाच वाचायला सांगा. आणि जीपवाल्याचा नंबर माझ्याकडून घ्या.