भांडार शाखेत नव्याने आलात? हरित खरेदीसाठी सध्या एवढं पुरे

नवीन टेबलाबद्दल अभिनंदन! हरित खरेदीचा, म्हणजे पर्यावरणाला कमी अपायकारक माल घेण्याचा, बाऊ करू नका. आधी एकच गोष्ट पक्की करा: अट निविदेच्या तांत्रिक तपशिलात हवी. दर उघडल्यावर ‘हा माल पर्यावरणाला बरा’ म्हणून एल-१ (सर्वात कमी दराचा निविदाकार) डावलता येत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- नुसतं ‘पर्यावरणपूरक असावे’ लिहिणं. तसं हमीपत्र कुणीही जोडतो. मोजता येईल असं काही मागा.
- एसीसाठी वीजबचतीचे फक्त ‘पाच तारे’ लिहून मोकळं होणं. १ जुलै २०२२ पासून निकष एका पायरीने कडक झाले आणि तोवरचा पाच ताऱ्यांचा एसी चारवर आला. लेबलवर वैधतेचा काळ छापलेला असतो. माल उतरवून घेताना खोक्यावर नाही, यंत्रावरच्या लेबलवर तो वाचा. जुना साठा खपवायला सरकारी कार्यालयासारखं गिऱ्हाईक नाही!
- निर्लेखित (वापरातून बाद केलेले) संगणक भंगारवाल्याला देणं. ई-कचरा नियम, २०२२ खाली नोंदणी असलेल्या उत्पादकाला, नूतनीकरण करणाऱ्याला किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या.

आणि मागणीपत्र आलं की आधी साठा नोंदवही उघडा; वस्तू शिल्लक असेल तर खरेदीच नको. आयुर्मान खर्च (खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतचा एकूण खर्च), गुणांकन (दरासोबत दर्जालाही गुण देणं) वगैरे पुढच्या वर्षी बघू.