रक्त धुवायला गरम पाणी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता आणि शेड्यूल, दोन्ही मिळालं. संहिता चांगली आहे. माजघरातला दिवा कुणी न विझवता विझतो, तिथे मी वाचता वाचता थांबलो. शेड्यूल मात्र दोनदा वाचलं आणि मग झोप लागेना. कोकणातला वाडा, चौदा रात्री, अकरा माणसं, नऊ लाख रुपये, रोज सात सीन. हेही एकवेळ निभेल. पण नवव्या रात्रीपुढे तू लिहिलं आहेस, 'लेन्स आणि रक्त, संध्याकाळी सात ते पहाटे चार'. हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितो आहे.

'द ईव्हिल डेड' या भुताच्या सिनेमाची गोष्ट तू नेहमी सांगतेस. ती पुरती सांग. १९७९ च्या नोव्हेंबरात वीस वर्षांचा दिग्दर्शक सॅम रेमी मित्रांना घेऊन टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळच्या एका पडक्या केबिनमध्ये गेला. सहा आठवड्यांचं काम बारा आठवडे चाललं. फळीवर कॅमेरा बसवून दोन टोकांना दोघांनी धरायचं आणि जंगलातून धावायचं, ही युक्ती तू उचललीस, छान केलंस. पण त्याच केबिनमध्ये साखरेच्या पाकाचं रक्त थंडीत नटांच्या अंगावर वाळून कडक होत होतं. भुताच्या डोळ्यांच्या लेन्स इतक्या जाड होत्या की पंधरा मिनिटांच्या वर घालवत नसत. चेहऱ्याचा साचा काढताना बेट्सी बेकर या नटीच्या पापण्यांचे केस उपटले गेले. शेवटच्या दिवसांत ऊब मिळावी म्हणून घरातलं सामान जाळलं. कबूल केलेले आठवडे संपले तसे बहुतेक नट घरी गेले, आणि उरलेले सीन मित्रांना त्यांच्या जागी उभं करून, पाठमोरे, नुसते हातपाय दाखवून पुरे केले.

सिनेमा मला फार आवडतो. पण तो त्या हालांमुळे चांगला झाला, हे मला कधीच पटलं नाही. ही पोरं शाळेपासून सुपर एटवर, म्हणजे घरगुती छोट्या फिल्मवर, सिनेमे करत होती. याच कल्पनेचा अर्ध्या तासाचा नमुना त्यांनी आधी करून बघितला आणि तो लोकांना दाखवून पैसे उभे केले. हात बसलेला होता म्हणून ते तरले.

माझ्याकडे पहिल्यांदा प्रॉडक्शन आलं तेव्हा आमचाही भुताचाच सिनेमा होता, असाच एक वाडा, ऐन मे महिना. रक्तासाठी पाक केला होता. दुसऱ्या रात्री जनरेटरचं डिझेल संपलं आणि अडीच तास सगळे अंधारात बसून राहिले. आमची नायिका ओसरीवर, गळ्यापासून कमरेपर्यंत पाकात माखलेली. कंटिन्युइटी जाईल, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये रक्त जुळणार नाही, म्हणून तिला पुसू दिलं नाही. मुंग्या आल्या. आधी काळ्या, मग लाल. ती काही बोलली नाही, आणि बोलत नाही म्हणजे चाललंय, असं मी धरून चाललो. पहाटे अंग धुवायला तिला विहिरीचं गार पाणी मिळालं, कारण पाणी तापवायला कुणाला सांगायचं हेच ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी ती एसटीनं घरी गेली. आम्ही मेकअपच्या मुलीला तिची साडी नेसवून पाठमोरे शॉट घेतले. ते शॉट आजही मला बघवत नाहीत. चूक माझी होती. पंधरा रुपयांचं सरपण आणि एक माणूस, एवढंच लागलं असतं.

रामसे बंधूंचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' आठवून बघ. १९७२ चा. महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात, चाळीसेक दिवसांत, सगळं कुटुंब जाऊन राहिलं आणि सिनेमा करून परत आलं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज. स्वयंपाक घरच्या बायकांकडे. पैसा त्यांच्याकडेही नव्हता. पण कोण काय करणार आणि रात्री कुठे जेवणार, हे निघतानाच ठरलेलं होतं. तुझ्या अकरा माणसांत जेवणाचं कोण बघतंय? मला नाव सापडलं नाही.

आवाजाचं थोडक्यात. वाड्यात पहिल्या रात्री शूट करू नकोस. रेकॉर्डिस्टला घेऊन बस आणि नुसता वाडा ऐक. रातकिडे, कौलावरून घरंगळणारं काहीतरी, विहिरीचा रहाट. दोन तास भरून आण. निम्मी भीती तिथेच फुकट मिळते, म्हणजे रक्ताचे तीन सीन तुला उडवता येतील.

आणि कागद. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव प्रदर्शनाआधी बदललं. नव्या नावाची पाटी करताना कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सिनेमा सगळ्यांचा झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या साथीदारांच्या हातून हक्काची कमाई गेली. तुझ्या वाड्याच्या मालकाशी अजून फोनवरच बोलणं आहे ना? तारखा, भाडं, काय मोडलं तर कोण भरणार, सगळं लिहून सही घे. नटांचे करारही आताच कर, मैत्रीतले असले तरी.

आता नववी रात्र. ती तिसरी कर, माणसं ताजी असतील. लेन्स शॉट लागल्यावरच घालायच्या, एका वेळी दहा मिनिटं, आणि डोळे चुरचुरले की नटीनं न विचारता काढायच्या, हे सगळ्यांसमोर सांगायचं. नेत्रतज्ज्ञाकडून डोळे आधी तपासून घे, लेन्सही त्यांनीच बसवू देत. रक्त लावल्यापासून धुवेपर्यंत दोन तासांची मर्यादा. स्पॉटदादांपैकी एकजण त्या रात्री फक्त चुलीपाशी, दोन हंडे पाणी तापत ठेवून.

रोज सातऐवजी चार सीन धरून शेड्यूल पुन्हा लिही आणि रविवारपर्यंत पाठव. हंड्यांचं भाडं माझ्याकडून.

तुझा,
काका