डिरेक्टरीत माझ्या वेबसाइटची नोंद का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळच्या तुमच्या कृषी पर्यटन केंद्राची वेबसाइट ‘कर्ली’ला (स्वयंसेवक संपादक निवडून, विषयवार लावतात त्या वेबसाइटच्या डिरेक्टरीला) तीनदा सुचवली, तरी नोंद दिसत नाही. अशाच एका डिरेक्टरीत मी बिनमोबदला संपादकाचं काम केलंय. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर तुम्ही प्रश्नात दिलाय, त्यावरून कारणं बरीचशी कळतात.

सगळ्यात जास्त नडतो तो विभाग. तुम्ही इंग्रजी बाजूच्या ‘व्यवसाय’ या अगदी वरच्या विभागातून साइट पाठवलीत. स्थानिक व्यवसाय तिथे ठेवत नाहीत. ते जागेप्रमाणे लावतात, म्हणजे आशिया, भारत, महाराष्ट्र आणि मग तुमचा भाग. शिवाय तुमची साइट संपूर्ण मराठीत आहे आणि इंग्रजी बाजूला फक्त इंग्रजी मजकुराच्या साइट घेतात. मराठी साइटसाठी मराठी विभाग वेगळा आहे. चुकीच्या जागी आलेली साइट संपादक फार तर दुसऱ्या विभागाकडे सरकवतो. तिथे ती पुन्हा वाट बघत बसते, आणि त्या विभागाला संपादक असेलच असं नाही.

आता वर्णन. तुम्ही लिहिलंत : ‘कोकणातील नंबर १ कृषी पर्यटन, दापोली हॉटेल, दापोली बीच, स्वस्त रिसॉर्ट, आजच बुक करा!!’ हे वाचून तिथे नेमकं काय आहे ते कळत नाही, सगळं संपादकालाच नव्याने लिहावं लागतं. त्याऐवजी असं लिहा : ‘दापोली तालुक्यातील कृषी पर्यटन केंद्र. राहण्याची व जेवणाची सोय, बागेतील फेरी, दर आणि पोहोचण्याचा मार्ग.’ शीर्षकात केंद्राचं नाव तेवढं द्या. संपादक साइट निवडतो ती वाचणाऱ्यासाठी, मालकाच्या जाहिरातीसाठी नाही. हे मनात ठेवून फॉर्म भरलात तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

पुन्हा पुन्हा पाठवण्याचा उपयोग नसतो. कर्ली ज्या ‘डीमॉझ’ या जुन्या डिरेक्टरीचा वारसा चालवते (ती १९९८ साली सुरू झाली आणि मार्च २०१७ मध्ये बंद पडली), तिथे तोच पत्ता त्याच विभागात परत पाठवला की रांगेतली जुनी सूचना जाऊन नव्या तारखेची राहायची. म्हणजे घाई करणाराच मागे पडायचा. ‘पैसे द्या, नोंद करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. कर्लीत साइट सुचवायला पैसे लागत नाहीत, आणि पैसे घेऊन नोंद करणं हा संपादकासाठी सरळसरळ नियमभंग आहे.

साइटही एकदा परक्याच्या नजरेने बघा. ‘लवकरच येत आहे’ अशी दोन पानं, फक्त चित्रात असलेला फोन नंबर आणि गावाचा पत्ताच नाही, अशी साइट मी स्वतः बाजूला ठेवली असती. ही पानं भरा किंवा काढून टाका, पत्ता आणि दर मजकुरात लिहा. मग योग्य विभागातून एकदाच पाठवा आणि थांबा. संपादक स्वयंसेवक असतात, त्यांना मुदतीचं बंधन नसतं.

तोवर गूगल मॅप्सवर केंद्राची मोफत नोंद करून घ्या. सुट्टीत दापोलीला येणारी माणसं आधी तिथेच शोधतात.