लेक म्हणते पेट्रोलियमच करणार. शेत गहाण टाकू का?

नमस्कार भाऊ,

रावेरहून पाठवलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे. भूमध्य समुद्रात गॅस सापडल्याच्या बातम्यांची कात्रणं ती वहीत चिकटवते आणि शेजारी पेनाने सागरी हद्दींचे नकाशे काढते. आता पेट्रोलियम इंजिनीअरिंगचा हट्ट धरून बसली आहे, आणि खासगी कॉलेजच्या फीसाठी तुम्ही केळीचं एक शेत गहाण टाकायच्या विचारात आहात. सुरतेचे मामा म्हणतात, गॅसचे कारखाने असलेलं हजिरा जवळच आहे, नोकरी कुठं जाते! एवढा गॅस सापडतोय म्हटल्यावर नोकरी पक्की ना, असं तुम्ही विचारलंय.

पक्की नाही. शेत गहाण टाकू नका, हे आधी सांगतो.

मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वसईच्या समुद्रातला गॅस हजिऱ्याला किनाऱ्यावर आला, आपली तापी समुद्राला मिळते त्याच टापूत. तिथून पाइपलाइन मध्य प्रदेशातल्या विजयपूर आणि उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत गेली आणि तिच्या वाटेवर युरियाचे कारखाने उभे राहिले. मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीला, तुम्ही युरिया टाकता ना, त्याचा अमोनिया याच नैसर्गिक वायूपासून बनतो. पण त्याच समुद्रात ‘ताप्ती’ नावाचं वायूक्षेत्र होतं, ते आटलं आणि २०१६ मध्ये बंद झालं. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात २००९ ला गॅस सुरू झाला, तेव्हा आंध्रात त्याच्या भरवशावर वीज प्रकल्प उभे राहिले. दोन-तीन वर्षांत गॅस झपाट्याने घसरला आणि कोट्यवधींचे प्रकल्प नुसते पडून राहिले.

सापडलेला गॅस बाहेर निघेलच असंही नाही. सायप्रसजवळ २०११ मध्ये ‘अफ्रोदिती’ क्षेत्र सापडलं. दहा वर्षं उलटली तरी तिथून गॅस आला नाही. त्या बेटाच्या सागरी हद्दीवर तुर्कस्तानचा आक्षेप आहे, आणि २०१८ मध्ये तुर्की युद्धनौकांनी एका इटालियन कंपनीचं ड्रिलिंग जहाज अर्ध्या वाटेत अडवलं. उलट इजिप्तला २०१५ मध्ये ‘झोहर’ वायूक्षेत्र सापडलं, सव्वादोन वर्षांत गॅस सुरू झाला, २०१८ मध्ये जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसची आयात थांबली. पुढे उत्पादन उतरलं आणि २०२४ मध्ये पुन्हा जहाजाने द्रवरूप गॅस मागवायची वेळ आली. आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. मार्च २०२१ मध्ये शेजारच्या पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाला आणि काम वर्षानुवर्षं ठप्प झालं. तिथल्या मच्छीमारांची घरं प्रकल्पासाठी आधीच हलवली होती. मनाला सगळ्यात जास्त तेच लागतं.

इस्रायल आणि लेबनॉन यांच्यात राजनैतिक संबंधसुद्धा नाहीत, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने त्यांनी सागरी हद्द ठरवली, कारण दोघांनाही गॅस हवा होता. अशा करारामागे भूगर्भतज्ज्ञ असतात, समुद्री कायद्याचे वकील असतात, नकाशे वाचणारे असतात. भाऊ, तुमची लेक वहीत नकाशे काढते. हट्ट पेट्रोलियमचा असला तरी जीव कशात रमतो ते तिथं दिसतं.

म्हणून तिला फक्त एका खनिजाला बांधून टाकू नका. यंत्रं, रसायनं आवडत असतील तर केमिकल किंवा मेकॅनिकल घ्या. जळगावला विद्यापीठातच केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, रावेरहून ती जवळ पडेल. त्या पदवीवर हजिऱ्याचा दरवाजा उघडतो, खत कारखान्याचा आणि औषध कंपनीचाही उघडतो, पेट्रोलियम एम.टेक.ला करता येतं. दगड-माती, समुद्राचा तळ यांत जीव रमत असेल तर बी.एस्सी. जिऑलॉजी आणि मग एम.एस्सी.; तेल-वायू काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसी भूगर्भतज्ज्ञ घेते. हद्दींच्या भांडणातच रस असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. जेईई अॅडव्हान्सला चांगला रँक आला आणि आयआयटी धनबाद मिळालं, तर मात्र पेट्रोलियमला खुशाल पाठवा. सरकारी संस्थेत शिष्यवृत्ती, फीसवलतीचा आधार मिळू शकतो.

मुलगी समुद्रातल्या रिगवर, म्हणजे विहीर खोदायच्या तरफ्यावर, कशी राहील, ही तिच्या आईची काळजी पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात दिसली. मुली आज तिथं काम करतात, आणि या क्षेत्रातली बरीचशी कामं किनाऱ्यावरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि ऑफिसात असतात. ताईंना एवढं नक्की सांगा.

प्रवेश फेऱ्या सुरू होण्याआधी एका रविवारी लेकीला वही घेऊन समोर बसवा आणि सायप्रसजवळ ते जहाज का अडवलं ते तिच्याकडून समजून घ्या. सांगताना ती ड्रिलिंगवर जास्त बोलते, दगडांवर की हद्दीवर, ते मला कळवा. मग कॉलेजांची यादी आपण मिळून करू.