मॅडम, त्या कार्टूनमुळे तो बापाला नावानं हाक मारतो

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेबाराला एका आईचा व्हॉट्सॲप आला. "मॅडम, मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे, इंग्लिश कार्टून बघून पार बिघडलाय, सारखा उलट बोलतो, काल तर जेवताना सासूबाईंसमोर बापाला नावानं हाक मारली. ॲप डिलीट केलं तर सुधारेल का, की तुमच्याकडे आणू?" मी समुपदेशक आहे, असे मेसेज मला महिन्याला तीनचार तरी येतात, फक्त कार्टूनचं नाव बदलतं. तेव्हा या घराची गोष्ट सांगते म्हणजे परत परत टाईप करायला नको. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि आईबाबांना विचारून लिहितेय. मुलाला बंड्या म्हणू, खरं नाव अर्थातच वेगळं आहे.)

पहिल्या दिवशी आई एकटीच आली, मोबाईलमध्ये पंधरा दिवसांची यादी टाईप करून. क्लास टीचरना 'ईट माय शॉर्ट्स' (म्हणजे 'गेलात उडत') म्हणाला, टीचरना वाटलं पीटीच्या शॉर्ट्सबद्दल काहीतरी विचारतोय म्हणून त्यातून सुटला. आजीच्या फोनवरून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला फोन लावून विचारलं, झोपे आहेत का, तो बिचारा म्हणाला आहेत, तर हा म्हणतो मग उठवा की त्यांना! इथे मी हसू दाबलं पण आईनं बघितलंच आणि तिचा चेहरा पडला. बरोबर आहे तिचं, ती रडकुंडीला आलीये आणि समोर बसून फी घेणारी बाई हसतेय. सॉरी म्हटलं आणि पुढे वाचा म्हटलं. शेवटची नोंद तीच, बाबांना नावानं हाक. आजीनं ताटावर पाणी सोडलं आणि उठून गेली. "आणि बाबा काय म्हणाले?" तर म्हणे "हं."

कार्टून होतं 'द सिम्प्सन्स'. मला नाव तेवढं माहीत होतं, पिवळी माणसं असतात एवढंच, म्हणून शनिवार-रविवार बसून सातआठ भाग बघितले, नवरा म्हणाला हे बिलात धरणार का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या एव्हरग्रीन टेरेसवरचं 742 नंबरचं घर. बाप होमर, अणुवीज प्रकल्पात सेफ्टी इन्स्पेक्टर, आणि अख्ख्या प्लांटला सगळ्यात जास्त धोका त्याच्यापासूनच, ड्यूटीवर झोपतो, डोनट खातो. आई मार्ज, निळ्या केसांचा मनोरा घेऊन सगळं सावरत बसलेली. बार्ट दहा वर्षांचा वांड, लिसा आठ वर्षांची हुशार, आणि चोखणी तोंडात धरलेली मॅगी. 1987 मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमात मधेमधे छोटे तुकडे म्हणून सुरू झालं, डिसेंबर 1989 पासून स्वतःची मालिका, आणि अजून चालूच आहे, साडेसातशेच्या वर भाग झालेत. बार्ट बापाला 'डॅड' म्हणण्याऐवजी पुष्कळदा सरळ 'होमर' म्हणतो. म्हणजे बंड्यानं ते उचललं कुठून हे काही गूढ नव्हतं. पण मालिका दोन वर्षं बघत होता आणि नावानं हाक आत्ता मारली. आत्ताच का, हे मला कळत नव्हतं.

पुढच्या वेळी बंड्या आला. खुर्चीत बसल्याबसल्या टेबलाखाली वाकून बघायला लागला. काय शोधतोस म्हटलं तर म्हणतो, "तुमच्याकडे बटण आहे का?"

"कसलं?"

"शॉकचं."

मग त्यानं जो भाग सांगितला तो नेमका मी बघितलेला नव्हता, नंतर शोधून बघितला आणि आमच्या धंद्याची एवढी मस्त टिंगल मी दुसरीकडे बघितलेली नाही. जानेवारी 1990 चा, अगदी सुरुवातीचा भाग आहे. साहेबांकडच्या पिकनिकला घरचे अब्रू घालवतात, म्हणून होमर सगळ्यांना घेऊन शेजाऱ्यांच्या खिडक्यांतून डोकावून दाखवतो, बघा लोक कसे गुण्यागोविंदानं राहतात. मग बारमध्ये टीव्हीवर डॉक्टर मार्विन मन्रोची जाहिरात लागते, कुटुंबाला सुख नाहीतर पैसे डबल परत. फी अडीचशे डॉलर. मुलांच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे तेवढे भरत नाहीत, म्हणून होमर घरातला टीव्ही गहाण टाकतो. बायकामुलं कळवळतात, हवं तर अंगठी घ्या पण टीव्ही नको! डॉक्टर आधी चित्र काढायला सांगतो, तुमच्या घराच्या दुःखाचं मूळ काय ते काढा, तर सगळे होमरलाच काढतात आणि होमर आपला विमान काढत बसलेला. मग एकमेकांना हाणायला मऊ सोटे देतात. तेही जमत नाही म्हणून शेवटी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून वायरी लावतात, ज्यानं मन दुखावलं त्याला बटण दाबून शॉक द्यायचा. ते एकमेकांना इतके शॉक देतात की गावातले दिवे मंद होतात आणि डॉक्टर हात जोडून पाचशे डॉलर देऊन त्यांना हाकलतो. त्या पैशांतून ते नवीन टीव्ही घ्यायला निघतात, पाचही जण खूश.

बंड्या हे सांगताना खुर्चीवर उड्या मारत होता. म्हटलं माझ्याकडे बटण एकच, इन्व्हर्टरचं, आणि तेही धड चालत नाही. "मग चित्र?" म्हटलं चित्र काढू. आम्ही ते खरंच करतो, घरातल्या सगळ्यांना काहीतरी करताना काढायचं, 1970 च्या सुमारास बर्न्स आणि कॉफमन या दोघांनी ती पद्धत मांडली. (होमरच्या साहेबाचं नावही बर्न्सच आहे, बंड्याला हे सांगितल्यावर तो मला जरा मानायला लागला.)

चित्र काय काढलं तर बिल्डिंग. चौथा मजला, किचनच्या खिडकीत आई, हॉलमध्ये आजी आणि तिची जपमाळ, बाल्कनीत तो स्वतः. आणि खाली पार्किंगमध्ये गाडी, गाडीत स्टिअरिंगवर एक गोल डोकं. "बाबा ऑफिसला निघालेत का?" "नाही, आलेत." "मग वर का येत नाहीत?" खांदे उडवले. "पंचवीस मिनिटं बसतात. कधी चाळीस. मी मोजतो." एवढं बोलून तो गाडीची नंबरप्लेट रंगवायला लागला, आकडे अगदी बरोबर, मधली रेघसुद्धा.

आईला हे माहीतच नव्हतं. तिचा समज की कंपनीतून यायला उशीर होतो. मग एकेक बाहेर आलं. पैशांवरून, दिराला दिलेल्या पैशांवरून, दोघांत चार महिन्यांपासून अबोला. भांडण नाही हां, आवाज तर अजिबात नाही, शेजाऱ्यांना विचारलंत तर सांगतील किती शांत घर आहे. निरोप सगळे बंड्यामार्फत, "बाबांना सांग जेवण वाढलंय", "आईला सांग मला भूक नाही". मार्चपासून तर "बाबांना" हा शब्दही गेला, नुसतं "त्याला सांग". कामापुरता अबोला पुष्कळ घरांत असतो, दोन दिवस, चार दिवस, त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण चार महिने पोराला पोस्टमन केला की त्या पोराला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे आपण काही बोललो तर दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून बोललो. त्याचं स्वतःचं असं कोणी ऐकतच नव्हतं. मी त्याला विचारलं, नावानं हाक मारलीस तेव्हा बाबांनी काय केलं? म्हणाला, "माझ्याकडे बघितलं."

बाबांना आणायला तीन आठवडे लागले. चाकणच्या बाजूला एका कंपनीत आहेत, आणि खातं कुठलं, तर सेफ्टी! मला क्षणभर कसं वागावं सुचेना. त्यांना ते आधीच टोचत होतं, बसल्यावर पहिलं वाक्यच ते, "मॅडम, तो जाड्या डुलक्या काढणारा माणूस म्हणजे मी, असं वाटतं ना त्याला?" बावीस वर्षं नोकरी, एकही मोठा अपघात नाही, घरी मात्र कोणी विचारत नाही आज दिवस कसा गेला. पार्किंगबद्दल विचारलं तर आधी म्हणाले कॉल असतात. मग जरा वेळानं, "कॉल नसतात. वर गेलं की कोणी काही बोलत नाही ना, ते ऐकवत नाही." न बोललेलं ऐकवत नाही म्हणे. मी वहीत लिहून ठेवलं ते.

मी त्यांना एक सांगितलं, ते त्यांना आवडलं की नाही कळलं नाही. हे कार्टून ज्यानं काढलं त्या मॅट ग्रेनिंगच्या वडिलांचं नाव होमर, आईचं मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. सगळं घरच उचलून पिवळं केलं त्यानं, आणि पुढे स्वतःच्या मुलाचं नावही होमर ठेवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे चिडवायला नव्हतं म्हणायचं." म्हटलं ते त्याला विचारा, तुमच्या मुलाचं मला कसं माहीत.

आता मूळ प्रश्न, बंद करायचं का. ही भीती काही आपल्यालाच वाटते असं नाही. 1990 मध्ये अमेरिकेत काही शाळांनी बार्टच्या टीशर्टवर बंदी घातली होती, त्यावर लिहिलेलं असायचं की मी अभ्यासात कच्चा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. 1992 मध्ये तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले, अमेरिकन कुटुंबं सिम्प्सन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन्स म्हणजे टीव्हीवरचंच दुसरं कुटुंब, मंदीच्या काळातलं, गरीब पण सोज्वळ. काही दिवसांतच कार्टूनमध्ये बार्टनं उत्तर दिलं, आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत की, आम्हीपण मंदी संपायची वाट बघतोय! मला विचाराल तर पोरगं जिंकलं तिथे.

तरी कार्टून आहे म्हणजे लहान मुलांचं, हे डोक्यातून काढा. हे मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून रात्रीच्या वेळेला दाखवलेलं आहे, त्यात दारू आहे, टोमणे आहेत, राजकारण आहे. आपल्याकडे 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर वयाची पाटी लावावी लागते, 7+, 13+, 16+, ती वाचायला दोन सेकंद लागतात. पाचसहा वर्षांच्या पोराच्या हातात हे देऊ नका, तिथे मी सरळ नाही म्हणते. दहाअकराच्या मुलासोबत शेजारी बसून बघा. शब्द उचलतात, ते महिनादीड महिन्यात शिळे होतात, तुम्ही दर वेळी दचकलात तर मात्र होत नाहीत. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. होमर बार्टचा गळा आवळतो आणि बार्टची जीभ बाहेर येते, हे तिथे वर्षानुवर्षं विनोद म्हणून चाललंय, 2023 मधल्या एका भागात होमरच म्हणतो की आता मी तसं करत नाही, काळ बदललाय. गळा आवळणं खेळातसुद्धा जिवावर बेतू शकतं, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. आणि मूल खरंच धाकट्या भावंडाला किंवा कुत्र्यामांजराला इजा करत असेल तर विषय कार्टूनचा राहत नाही, लगेच कोणाला तरी दाखवा.

या घरात मी ॲप डिलीट करायला सांगितलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. बंड्यामार्फत एकही निरोप जाणार नाही, अगदी मीठ मागायचं असलं तरी. आणि आठवड्यातून एक भाग तिघांनी एकत्र बघायचा, बावीस मिनिटांचा तर असतो. पहिला रविवार पूर्ण फसला, होमर चड्डीवर फिरत असताना आजी हॉलमध्ये आली आणि म्हणाली बापलेकांना लाज कशी वाटत नाही. दुसऱ्या रविवारी बाबांना "एक" कॉल आला. तिसऱ्या रविवारी होमरनं प्लांटमध्ये कुठलंतरी बटण चुकीचं दाबलं आणि बाबा उसळून म्हणाले, असं होऊच शकत नाही, तिथे इंटरलॉक असतो! आणि मग दहा मिनिटं इंटरलॉक म्हणजे काय, चुकीचं बटण दाबलं तरी यंत्र अडवणारी ती सोय कशी चालते, ते समजावत बसले, भाग पॉज करून. आई किचनमधून म्हणाली, "अहो, पुढे जाऊ दे ना." अहो. आईनं मला हे फोनवर सांगितलं ते तक्रारीच्या सुरात, किती बोअर करतात म्हणून, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दिराच्या पैशांचं अजून मिटलेलं नाही. त्यासाठी दोघं वेगळे येतात, आणि तिथे आवाज चढतात, माझ्या रिसेप्शनवरची मुलगी एकदा दार वाजवून गेली. बंड्या भडकला की अजून बाबांना नावानं हाक मारतो. मागच्या आठवड्यात मात्र संध्याकाळी गाडी आली की तो लिफ्टनं खाली गेला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. काय बोलला विचारलं तर म्हणे काही नाही, बाबांनी एसी लावला.

शेवटच्या सेशनला बाबा क्यूआर स्कॅन करत होते तर हा मागून ओरडला, "बाबा थांबा, आधी विचारा, बरे नाही झालो तर डबल परत देणार का!"

बाबांनी खरंच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं तशी पाटी मी लावलेली नाहीये.